ठकीचे काय झाले?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोणत्याही घरात डोकावा, देखावा एकच दिसेल. माळा रिकामा करण्याचे काम चालू असते. शिडीवर यजमान, खाली पदर खोचून उभ्या असलेल्या बाई, आणि दोघांच्या मध्ये वर्षभराची धूळ. वरून एकेक वस्तू खाली येते आणि प्रश्नोत्तरे झडतात. "ही समई?" "ठेवा." "हा जुना स्टोव्ह?" "मोडीत द्या." "आणि ही बाहुली? हिला एकच डोळा आहे." "टाका हो ती! कोण खेळतंय आता?"

वाचक भगिनींनो, त्या शेवटच्या उत्तरापाशी यंदा जरा थांबा. का थांबायचे, ते सांगण्यासाठीच आजचे हे गुऱ्हाळ आहे. आणि त्यात माझा स्वतःचा एक जुना गुन्हाही कबूल करायचा आहे.

माझे माहेर वाशीमचे. आता वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. पण आमच्या लहानपणी आम्ही अकोला जिल्ह्यातले, आणि मीटरगेजच्या गाडीने अकोल्याला जाऊन येणे म्हणजे प्रवासवर्णन लिहिण्याजोगा पराक्रम वाटायचा! गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही दोघी बहिणी बऱ्याच वर्षांनी एकदमच माहेरी गेलो होतो. ओवाळणी झाली, जेवणे झाली आणि माजघरात सतरंजीवर सगळ्या बायका ऐसपैस बसल्या. दादाच्या नातीला नवी बाहुली आली होती. तिच्या पोटावर बटण होते आणि ते दाबले की बाहुली इंग्रजीत गाणे म्हणायची. पोरीने ते बटण दहा वेळा दाबले. अकराव्या वेळी आमची नव्वदी ओलांडलेली आत्या म्हणाली, "बाई गं, हिला जरा गप्प कर. आमची ठकी बोलत नव्हती, म्हणून तर तिच्याशी बोलता यायचं!"

झाले! तेवढे एक वाक्य पुरे झाले. फराळाचे डबे बाजूला राहिले आणि जी ती आपापल्या बाहुलीविषयी सांगू लागली.

आत्याची ठकी लाकडाची होती. तिच्या आजोबांनी ती पंढरपूरहून आणलेली. पाठीकडून सपाट, पुढून रंगवलेली, कपाळावर कुंकू आणि नाकात रंगाचीच नथ. आत्याचे लग्न झाले ते चौदा पूर्ण होताच. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरले. आत्याच्या भाषेत सांगायचे तर, "आमच्या नानांनी मला कायद्यात बसवून उजवली." बैलगाडीने वरात रिसोडला गेली. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली आत्याने ठकीला लपवून नेले होते.

"आणि तिसऱ्या दिवशी," आत्या म्हणाली, "सासूबाईंनी ट्रंक उघडली."

आम्ही सगळ्या एकदम पुढे सरकलो. आता काय ऐकायला मिळणार ते आम्हाला ठाऊक होते. गोष्टीतल्या सासवा अशा वेळी काय करतात, हे काय सांगायला हवे?

"सासूबाईंनी ठकी बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली, आणि मला म्हणाल्या, 'हिला लुगडं नाही का गं?' मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खणाचा तुकडा काढून तिला परकर शिवला. म्हणाल्या, 'कामं आटोपल्यावर माडीवर खेळत जा. मामंजींना दिसू देऊ नको.' मग हळूच म्हणाल्या, 'माझी माझ्या आईनं ठेवून घेतली होती.'"

माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. मी मनात म्हटले, शाळेत शारदा कायद्याचे साल आम्ही घोकून पाठ केले होते. पण चौदा वर्षे म्हणजे केवढे वय, हे मला त्या परकराने समजावले.

मग वहिनीची पाळी आली. वहिनी कारंज्याची, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावची. गावाचे नावच मुळी कारंजा लाड, तेव्हा तिचे लाडही तसेच झाले. तिचे मामा मुंबईला होते. ते एकदा मूर्तिजापूरला गाडी बदलून, तेव्हा धावणाऱ्या 'शकुंतला'मध्ये बसून कारंज्याला आले ते काखेत भला मोठा खोका घेऊन. खोक्यात सेल्युलॉइडची बाहुली! सोनेरी केस, निळे डोळे आणि आडवी केली की पापण्या मिटायच्या. आळीतली सगळी मुले बघायला लोटली.

"मग काय, चैन झाली असेल तुझी," मी म्हटले.

"कसली चैन!" वहिनी म्हणाली. "आईनं ती काचेच्या कपाटात ठेवली. वरून कुलूप. म्हणे, दिव्याजवळ गेली तर पेट घेईल, हातातून पडली तर फुटेल. पाहुणे आले की आई कुलूप काढायची, बाहुली आडवी करून दाखवायची आणि परत आत. मी तिला नीट मांडीवर घेतली असेन ती चार-दोन वेळा. तरी सगळे म्हणायचे, काय नशीबवान पोर आहे!"

वहिनीच्या आईचेही अगदीच चूक नव्हते, हे सांगायला हवे. सेल्युलॉइड चटकन पेटते हे खरेच आहे. आणि काचेच्या कपाटात बाहुल्या शोभतातही. दिल्लीला व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली बाहुल्यांचे मोठे संग्रहालय उभारले. हंगेरीच्या वकिलातीकडून आलेल्या एका बाहुलीपासून त्यांना तो नाद लागला, असे सांगतात. देशोदेशींच्या बाहुल्या तेथे काचेआड उभ्या आहेत आणि मुले त्या डोळे भरून पाहतात. पण संग्रहालयातली बाहुली सगळ्यांची असते. घरातली बाहुली एकीची असावी लागते, आणि वहिनीची ती कधी झालीच नाही. "अजून मला तिची आठवण येते ती काचेसकट येते," वहिनी म्हणाली.

दाराशी भांडी घासायला येणाऱ्या मावशी चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. त्या इतका वेळ नुसत्या हसत होत्या. दादाच्या सुनेने विचारले, "मावशी, तुमची बाहुली?"

"माही त मक्याच्या कणसाची होती बाई," मावशी म्हणाल्या. "केस बी आयतेच. माय वावरात निंदाले जाये, मी धुऱ्यावर बसून कणसाले चिंधी गुंडाळो. सकाळी करा न् संध्याकाळी बैलाले टाका."

"बैलाला! मग रडू नाही यायचं?"

"कायले रडू? दुसऱ्या दिवशी वावरात दुसरी उभीच राहे!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण नंतर माझ्या मनात आले, आम्हा सगळ्यांत भरपूर खेळलेली एकटी तीच.

दादा इतका वेळ वर्तमानपत्राआड होता. पण बाहुल्यांच्या बैठकीत पुरुषमाणूस कान बंद करून बसतो, यावर विश्वास ठेवू नका. तान्ह्या पोळ्यासाठी सुताराकडून त्याला लाकडी बैल करून आणला होता, आणि त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्याचा एक बाहुला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बाहुल्याचे लग्न शेजारच्या मुलीच्या बाहुलीशी ठरले.

आता लग्न लावायला वाशीमसारखे गाव नाही! हे मी माहेरच्या अभिमानाने म्हणत नाही. हजारएक वर्षांपूर्वी राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावून दिले आहे. ते वत्सगुल्म म्हणजेच आमचे वाशीम. एके काळी वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. राजशेखराने तर या नगराला मदनाचे क्रीडास्थानच म्हटले आहे. तेव्हा आमच्या ओसरीवरच्या त्या लग्नाला परंपरा मोठी होती.

दादा वरपक्ष. त्याने हुंड्यात चार कैऱ्या आणि एक काचेची गोटी मागितली आणि वसूलही केली. मंगलाष्टके झाली, चुरमुऱ्यांची पंगत उठली आणि वधूला सासरी पाठवायची वेळ आली. तोच वधूमायने भोकाड पसरले. "मी नाही देणार. जावयाला आमच्याकडेच राहू दे!" दादा हुंडा परत द्यायला तयार नाही, कारण कैऱ्या तर पोटात गेल्या होत्या. अखेर प्रकरण आमच्या आजीकडे गेले. आजीने निकाल दिला, आठ दिवस सासरी आणि आठ दिवस माहेरी. "आणि सांगू का?" दादा चष्मा पुसत म्हणाला, "माझ्या मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मला ते भोकाड आठवलं. वाटलं, आपणही पसरावं."

पाहा, हसता हसता गोष्ट कुठे येऊन ठेपली! आमच्या बायकांच्या आयुष्यात बाहुली येते ती जणू देऊन टाकण्याची सवय व्हावी म्हणून. आणि हे आपल्याकडेच आहे असे नाही. प्राचीन रोममध्ये मुली लग्नाआधी आपल्या बाहुल्या देवाला वाहत. १८८९ साली रोममध्ये न्यायमंदिराचा पाया खणताना एक दगडी शवपेटी निघाली. तीत क्रेपेरेया ट्रायफेना नावाची सुमारे वीस वर्षांची तरुणी होती, आणि तिच्यापाशी हातपाय सांध्यांत हलणारी एक सुरेख हस्तिदंती बाहुली. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची! जाणकारांनी अनुमान काढले की हिचे लग्न होण्याआधीच ही गेली असावी. बाहुली देवाला वाहायची वेळच आली नाही. जपानातही मुलींचा बाहुल्यांचा सण असतो, आणि काही ठिकाणी त्या दिवशी कागदाच्या बाहुल्या नदीत सोडतात. घरातली इडापिडा त्यांच्याबरोबर वाहून जावी म्हणून.

आणि आमच्या वऱ्हाडात भुलाबाई. पुण्यामुंबईच्या वाचकांना हादगा किंवा भोंडला ठाऊक असतो. भुलाबाई त्यांची वऱ्हाडातली बहीण म्हणा. भाद्रपदी पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, घरी येतात. महिनाभर आळीतल्या मुली रोज संध्याकाळी घरोघर जमून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. सासरची गाऱ्हाणी, माहेरची ओढ, सगळे त्या गाण्यांत असते. मग झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखायची! कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर उभारायचे, आणि मग भुलाबाई शिरवायची. महिनाभर माहेरपण केलेली लेक पाण्यात सोडायची.

आता माझा गुन्हा सांगते.

साल १९६१ असेल. ताई बारा वर्षांची, मी सात. आमच्या आजीने ताईला एक बाहुली शिवून दिली होती. वऱ्हाड म्हणजे कापसाचे घर. सरकी काढलेला कापूस दाबून भरलेला, काळ्या दोऱ्याचे केस, काजळ लावलेले डोळे. आणि लुगडे कसले, तर आजीच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूच्या तुकड्याचे! लालभडक, जरीच्या काठाचे. तिचेही नाव ठकीच. त्या काळी दर दुसऱ्या बाहुलीचे नाव ठकी असे. मलाही आजीने बाहुली दिली होती, पण आजोबांच्या जुन्या धोतराची. पांढरी फटक. शालूचा तुकडा एकीपुरताच उरला होता, हे मला आज समजते. तेव्हा समजले नव्हते.

कोजागिरीला मी ताईकडे ठकी मागितली, एका रात्रीपुरती. ती म्हणाली, "तू तिला चांदण्यात नेशील, दूध सांडशील." नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मतीर्थावर भुलाबाई शिरवायला निघालो, तेव्हा निर्माल्याची टोपली माझ्या हातात होती. झेंडूच्या फुलांखाली मी ठकीला दडपले होते.

माती पाण्यात चटकन जाते. भुलाबाई गेली, भुलोजी गेले. कापूस मात्र जात नाही, हे मला ठाऊक नव्हते. फुलांबरोबर ठकी बराच वेळ तरंगत राहिली. लाल पदर पाण्यावर पसरला होता. बाकीच्या मुली गाणी म्हणत परत वळल्या होत्या. मीही वळले, पण दोनदा मागे पाहिले.

ताई तीन दिवस ठकीला शोधत होती. जेवायची नाही. चौथ्या दिवशी घरातल्या कोणाला तरी आठवले की कोजागिरीच्या सकाळी बोहारीण येऊन गेली होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई ओसरीवर बसली होती आणि ठकी तर ओसरीच्या कोनाड्यातच असायची. जरीचा काठ पाहून तिने उचलली असणार! पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा तिला दारातूनच परत पाठवले. "पुन्हा या घरी येऊ नकोस," एवढेच तिला सांगितले. का, ते सांगितले नाही. ती काही वेळ उभी राहिली, मग भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन गेली. मी दाराआडून सगळे पाहत होते. एक शब्द बोलले असते तर पुरे होते. पण मार बसेल या भीतीने मी गप्प राहिले, आणि गप्प राहण्याची एकदा सवय झाली की वर्षे कशी जातात ते कळत नाही. ताईचे लग्न झाले, माझे झाले, आजी गेली, आईवडील गेले. साठ वर्षे उलटून गेली.

त्या रात्री माजघरात ताई म्हणाली, "माझी ठकी त्या बोहारणीनं नेली," आणि मला राहवले नाही. मी सगळे सांगून टाकले, सगळ्यांच्या देखत.

ताई बराच वेळ सतरंजीवरच्या रेघेवर बोट फिरवत राहिली. मग तिने विचारले, "लगेच बुडाली का गं?"

"नाही," मी म्हटले. "तरंगत होती."

"मग ठीक." आणखी थोडा वेळ गेला. "ठकीला तर मी केव्हाच विसरले असते. माझ्या संसारात आठवायला काय कमी होतं? पण ती बोहारीण मला अधूनमधून आठवते. तिच्या काखेला पोर होतं. मी त्या पोराकडे रागानं पाहिलं होतं. मला वाटलं, माझी ठकी याच्याकडे असणार."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. आत्याने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. एक गोष्ट मात्र मला नीट उमगली. ताईची माफी मला साठ वर्षांनीही मागता आली, कारण ताई समोर होती. त्या बाईची कुठे जाऊन मागू? तिचे नावही आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून म्हणते, मुलांच्या बाहुलीकडे चिंधी म्हणून पाहू नका. मुलाच्या आयुष्यात 'माझे' म्हणावे अशी पहिली वस्तू बहुधा तीच असते. ती जपायची की पाहुण्यांना दाखवायची, धाकटीला द्यायची की टाकायची, हे आपण मोठी माणसे परस्पर ठरवून टाकतो आणि विसरूनही जातो. मूल विसरत नाही. यंदा माळा काढताना एकडोळी बाहुली हाती लागली, तर जिची असेल तिला आधी विचारा. ती आता पंचविशीची असो की पंचेचाळिशीची असो, दूरच्या गावी असो, फोन करून विचारा. "टाक गं आई," असे ती म्हणाली, तर खुशाल टाका. पण पुष्कळजणी तसे म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. आणि घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर दारात येणाऱ्या गरिबाकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच पोरांच्या डोळ्यांकडे एकदा पाहा.

दिवाळी संपून महिनाभराने ताईचा फोन आला. म्हणाली, "माझा लग्नातला शालू विरला होता. त्यातली चांगली बाजू कापून एक बाहुली शिवली. तुझ्यासाठी. तुला तेव्हा धोतराची मिळाली होती ना!"

मला बोलता येईना. तेव्हा तिनेच पुढे म्हटले, "पोस्टानं पाठवते. फक्त एक कर. हिला घेऊन वाशीमला जाऊ नकोस!"

ठकी सध्या माझ्या टेबलावर बसून हे सगळे पाहत आहे. काच नाही, कुलूप नाही. शेजारची छोटी आली की मी ती तिच्या हातात देते.